पान लावायचा दिवस

सकाळी ६.१५

मोखाड्याच्या स्टँडवर पेपरचे गठ्ठे सुटतात तेव्हा मी फूटपट्टी आणि वही घेऊन बाकावर बसलेली असते. पेपरवाले काका तीन वेगवेगळे पेपर माझ्यापुढे ठेवतात. एक मी विकत घेते, बाकीचे दोन घडी न बिघडवता परत देते. पत्रकारिता शिकायची तर पेपर नुसता वाचायचा नाही, मोजायचा, असं आमच्या सरांचं म्हणणं. एकच बातमी तिन्ही पेपरांत किती कॉलम आहे, किती सेंटिमीटर आहे, घडीच्या वर आहे की खाली, मथळा किती ओळींचा, फोटो कोणाचा, हे सगळं वहीत उतरवायचं.

सर म्हणजे जव्हारच्या एका चार पानी साप्ताहिकाचे संपादक. मी तिथे शिकाऊ वार्ताहर आहे आणि सोबत पत्रकारितेच्या पदविकेचा अभ्यास घरून करते. साप्ताहिक शुक्रवारी निघतं, म्हणजे गुरुवारी पान लागतं. आज गुरुवार.

मोठ्या पेपरचं पान बहुतेक आठ कॉलमांचं. स्टॉलवर घडीचा वरचा अर्धा भागच दिसतो, म्हणून दिवसाची मुख्य बातमी तिथे बसते. तळाशी आडवी पसरलेली, निवांत वाचायची बातमी असते तिला अँकर म्हणतात. पुस्तकातल्या या संज्ञा पाठ करायला एक संध्याकाळ पुरली. फूटपट्टी लावल्यावर जे दिसलं ते मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यात लोकलने मुंबईला जोडलेली वसई-विरारही आली आणि सह्याद्रीच्या कडेवरचे आमचे दोन तालुकेही. जिल्ह्याच्या पानावर जागेची वाटणी मात्र लोकसंख्येच्या आणि जाहिरातींच्या हिशेबाने होते. जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला बहुतेक दिवस एक कॉलम, सात-आठ सेंटिमीटर. उन्हाळ्यात पाणी, पावसाळ्यात कुपोषण, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघालेली कुटुंबं. या तीन विषयांच्या मधल्या काळात आमचे तालुके छापील कागदावरून नाहीसेच होतात. त्याच काळात इथे मोगऱ्याच्या कळ्या बाजाराला जातात, बोहाड्याच्या उत्सवात सोंगं नाचतात, पाड्यावरची एखादी मुलगी नर्सिंगला लागते. हे सगळं घडतं, पण मोजायला गेलं तर शून्य सेंटिमीटर भरतं.

त्या शून्यासाठीच मी हे काम शिकते आहे.

सकाळी ७.३०

आजची बातमी पाण्याचीच आहे. एका पाड्यावर टँकर येतो, तरी पाणी पुरत नाही, असा निरोप तिथल्या आशाताईंनी दिला होता. पाड्याचं नाव बातमीत आहे, इथे देण्याची गरज नाही. डांबरी रस्ता संपतो तिथे उतरून पुढे चालत जायचं. करवंदाच्या जाळ्या आता काळ्या झाल्यात, दोन्ही बाजूंना पावसाची वाट बघणारी भाजलेली शेतं.

टँकर म्हटलं की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पाइपाखाली लागलेली हंड्यांची रांग येते. इथे तसं होत नाही. टँकर विहिरीत रिकामा करतात आणि बायका मग ते पाणी दोराने शेंदून वर काढतात. खडकाने विहिरीतलं पाणी आत ओढून घेण्याआधी जेवढं निघेल तेवढं काढायचं असतं. त्यामुळे टँकरने किती लिटर ओतलं आणि घरात किती लिटर पोहोचलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमी असेल तर ती या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे.

पोचल्यावर लगेच फोन बाहेर काढायचा नाही, हा सरांचा नियम. आधी बसायचं. कोणाची मी, कुठल्या गावची, आई काय करते, हे सांगून होईपर्यंत वही पिशवीतच राहते. मग एका काकींच्या परवानगीने मी त्यांचा हंडा एक लिटरच्या बाटलीने भरून पाहिला. चौदा बाटल्या मावल्या. घरात सहा माणसं. आज मिळाले चार हंडे, म्हणजे ५६ लिटर, माणशी नऊ-सव्वानऊ. टंचाईच्या टँकरचा सरकारी निकष दरडोई दररोज २० लिटरचा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट ५५ लिटरचं. म्हणजे पूर्ण घराला आज मिळालं ते एका माणसाच्या ठरवलेल्या वाट्याएवढं. हे वाक्य वहीत लिहिताच बातमीचा मथळा कुठून यायचा ते मला कळलं. अशीच आणखी चार घरं मोजली, कारण एका घरावरून पाड्याची बातमी करता येत नाही.

एक आजी बराच वेळ गप्प होत्या. मग ठाकरी बोलीत बोलायला लागल्या आणि थांबेचनात. त्यांच्या लहानपणी याच विहिरीला मे महिन्यातही कमरेएवढं पाणी असायचं, वरच्या अंगाचं रान तुटलं आणि पाणी गेलं, असं त्यांचं म्हणणं. बोलणं उतरवून घेताना मोठा प्रश्न उभा राहतो. हे छापायचं कोणत्या मराठीत? प्रमाण भाषेत घातलं तर आजी पुण्याच्या होऊन जातात. बोलीतच ठेवलं, पण अर्धवट कानाने ऐकून लिहिलं, तर त्यांचं हसं होतं. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली गावातल्या बायकांनी ‘खबर लहरिया’ नावाचं बुंदेली बोलीतलं वृत्तपत्र सुरू केलं, बोलीला पानभर जागा दिली. आमच्याकडे वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी अशा बोली शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे एका बोलीत अख्खा अंक काढणं कठीण. आम्ही एक रीत ठरवली आहे. माणसाचं म्हणणं सरळ मराठीत, आमच्या शब्दांत द्यायचं, आणि अवतरणचिन्हात एकच वाक्य, पण ते जसंच्या तसं, त्या माणसाला परत वाचून दाखवून. आजींना मी त्यांचं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला लावला. तो बदललेला शब्दच छापला जाणार.

नावं लिहून घेताना प्रत्येकीला विचारलं, “नाव छापलं तर चालेल ना?” दोघींनी नको सांगितलं. त्यांच्या घरांचे आकडे राहतील, नावं जाणार नाहीत.

सकाळी १०.३०

दुसरी बाजू घ्यायला तालुक्याच्या कार्यालयात. इथे काम लवकर आटोपलं, कारण प्रश्न लिहून नेले होते. मंजूर खेपा किती, प्रत्यक्ष किती झाल्या, टँकरची क्षमता किती, खेपांच्या नोंदवहीवर पाड्यातल्या कोणाची सही घेतात. कर्मचारी भला माणूस होता. त्याने तक्ता पुढे सरकवला. मंजूर खेपा दोन, झालेली एक. का, तर टँकर भरायच्या ठिकाणी सकाळी वीज नव्हती. पाड्यावर कोणालाच हे ठाऊक नव्हतं. बायकांना वाटत होतं, ड्रायव्हर टाळाटाळ करतो.

कोण, काय, कुठे, केव्हा ही उत्तरं विहिरीवर मिळतात. ‘का’चं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या टेबलावरच्या कागदात असतं. तो कागद न बघता परतले असते तर एका ड्रायव्हरवर नाहक ठपका येणारी बातमी छापली गेली असती. आमच्या टापूत पेपर कमी येतो, पण आलेलं अक्षर खरं मानतात. म्हणून इथे तपासणीची जबाबदारी शहरापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

सकाळी ११.४५

जव्हारची एसटी. घाटाच्या वळणांत लिहिता येत नाही, पण इंट्रो डोक्यात रचता येतो. इंट्रो म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, तीस-पस्तीस शब्दांचा. बातमी उलट्या मनोऱ्यासारखी रचायची, सर्वांत महत्त्वाचं वर, उतरत्या क्रमाने बाकीचं. रात्री जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणून शेवटच्या परिच्छेदात बातमीचा जीव ठेवायचा नाही. मी इंट्रो तीन तऱ्हांनी रचते आणि गाडी जव्हारच्या स्टँडवर शिरेपर्यंत एक ठरवते.

दुपारी १.००

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सरांचं टेबल आणि भिंतीला लागून जुन्या अंकांच्या फायली. आतल्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, इन्व्हर्टर आणि पान लावणारे दादा. मी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी उघडते, सर डब्यातली भाजी पुढे करतात, आणि खाता खाताच माझी कॉपी वाचली जाते.

सरांच्या लाल पेनाचा पहिला वार विशेषणांवर. विदारक, भीषण, मन हेलावणारं, जीवघेणी, वणवण. आमच्या तालुक्यांबद्दलच्या बातम्यांना हे शब्द इतकी वर्षं चिकटले आहेत की वाचकाची नजर त्यांवरून घसरून जाते. “सहा माणसांना ५६ लिटर, हे लिहिलंस ना? मग भीषण वाचकाला स्वतःला म्हणू दे,” सर म्हणतात. मोखाडा तालुक्यातच कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं, हे वाक्यही कॉपीत होतं. सरांनी त्याभोवती गोल काढला. हे वाक्य खरं आहे आणि ते लोकांनी विसरूही नये, पण या पाड्याची विहीर त्या धरणाच्या पाण्याशी कशी जोडता येईल, किती अंतरावरून, कोणत्या योजनेतून, हे विचारलं असेल तरच ते बातमीत शोभतं. नुसतं दुःखाला धार लावण्यासाठी नको. वाक्य काढलं. त्यावर वेगळी बातमी करायची, असं माझ्या वहीत आलं.

मग सरांनी एक फाइल काढली. १९९२. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू. त्या वर्षी ही दोन गावं देशभरच्या वर्तमानपत्रांत गेली. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक इथे आले. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय झालं, मंत्रालयातून माणसं येऊ लागली. कात्रणं पिवळी पडली आहेत, काही वाळवीने खाल्ली आहेत. मी ती पुन्हा पुन्हा वाचते, कारण पत्रकारितेची ताकद आणि तिची उणीव या एकाच फायलीत शेजारी शेजारी लावलेली आहे. बातम्या आल्या नसत्या तर सरकार हललं नसतं, हे खरं. आणि या बातम्यांत आयांची नावं फार कमी आहेत, हेही खरं. मुलांचे आकडे आहेत, वजनं आहेत, पुढाऱ्यांची नावं आहेत, डॉक्टरांची मतं आहेत. ज्या आईचं मूल गेलं तिने काय सांगितलं, तिच्या घरात त्या महिन्यात काय शिजलं, जवळचा दवाखाना किती तास चालत होता, हे शोधायला मला फाइल उलटसुलट करावी लागते. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोच गावात कुपोषणाने मूल गेलं त्या वेळी कॅमेरे जास्त आले, पण तीच उणीव मला पुन्हा दिसली. बातमी लिहिणारे लांबून येत, संध्याकाळी परत जात, आणि त्यांना बोली येत नसे. त्यांच्या कष्टांचा मी मान राखते. तरी माझं ठाम मत आहे की पाड्यावरच्या बातमीला पाड्यावरचा वार्ताहर लागतो, आणि तो तयार व्हायचा तर त्याला व्याकरणापासून पान लावण्यापर्यंत सगळं यायला हवं. नाहीतर आमच्यातले लोक कायम माहिती देणारेच राहतील, लिहिणारे होणार नाहीत.

दुपारी ३.००

फोटो. विहिरीवर सतरा-अठरा काढले, त्यातला एक लागणार. फोन उभा धरून काढलेले बहुतेक बाद, कारण तीन कॉलममध्ये आडवा फोटो बसतो. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर बारीक होऊन जातो, छापल्यावर चौकोन दिसतात, म्हणून डॉक्युमेंट करूनच पाठवायचा. छपाईला इंचाला साधारण ३०० ठिपके हवेत असं पुस्तक सांगतं. न्यूजप्रिंटवर थोडे कमी चालतात, पण पडद्यावर छान दिसणारा फोटो कागदावर छान येईलच असं नाही.

दादांनी मला या टेबलावर जे शिकवलं ते मी फार मोलाचं मानते. न्यूजप्रिंट हा कागद शाई पितो. छपाईचा प्रत्येक ठिपका कागदावर थोडा पसरतो आणि फोटो मुळापेक्षा गडद येतो. त्यात दुपारचं डोक्यावरचं ऊन, डोक्यावरून घेतलेला पदर, खाली झुकलेली मान आणि सावळा रंग. आमच्या बायकांचे फोटो वर्षानुवर्षं पेपरात काळ्या डागासारखे छापले गेले आहेत. डोळे दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत, पाठीमागचं आभाळ मात्र पांढरंशुभ्र. हा दोष शाईचा नाही, पान करणाऱ्याने लक्ष न दिल्याचा आहे. दादा सावलीचा भाग हळूहळू उघडतात, चेहऱ्यावरचे बारकावे वर आणतात, आणि रंग उजळ करायच्या मोहाला अजिबात बळी पडत नाहीत. माणूस गोरा करायचा नाही, दिसू द्यायचा. फोटो घेतानाही मी आता सकाळच्या तिरप्या उन्हात घेते, समोरच्यापेक्षा उंचावर उभी राहत नाही. वरून घेतलेल्या फोटोत माणूस लाचार दिसतो.

आजचा फोटो ठरला. दोर ओढणारी काकी, बाजूला टँकरचा पाइप, चेहरा स्पष्ट. मुलं त्यात नाहीत. रिकाम्या हंड्यावर बसलेल्या पोराचा एक फोटो होता, तो पहिल्या पानावर गाजला असता. सरांनी तो बघून बाजूला ठेवला आणि कारण सांगायची गरज मला वाटली नाही. फोटोखालच्या ओळीत नाव, ठिकाण, दिवस. “पाण्यासाठी धडपडणारी महिला” असं आमच्याकडे छापत नाहीत. तिला नाव आहे.

दुपारी ४.१५

आता पान. दिवसाचा माझा सर्वांत आवडता वेळ.

आधी कागदावर पेन्सिलने डमी काढायची. साप्ताहिक टॅब्लॉइड आकाराचं, पाच कॉलमी. पहिल्यांदा जाहिराती बसतात, कारण त्यांच्या जागा विकलेल्या असतात. जाहीर नोटीस, वाढदिवसाच्या शुभेच्छा, खत-बियाण्यांचं दुकान. उरते ती बातम्यांची जागा. पहिल्या पानावर मुख्य बातमी तीन कॉलम, शेजारी दोन कॉलममध्ये ग्रामसभेची बातमी, खाली अँकर मोगऱ्याच्या भावाचा. सिंगल कॉलमच्या चार छोट्या. पानावर नजर वरून डावीकडून शिरते आणि तिला उतरायला पायऱ्या हव्यात. दोन सारख्या वजनाचे मथळे शेजारी ठेवले तर ते एकमेकांना भिडतात, वाचणाऱ्याला एकच लांब ओळ वाटते.

१८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा ते अवघ्या विशीत होते. पानाला दोन कॉलम, एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. त्या काळी राज्य करणाऱ्यालाही कळावं आणि इथल्या माणसालाही, हा हेतू पानाच्या रचनेतूनच दिसतो. पान बघून त्या संपादकाला कोणाशी बोलायचं आहे ते कळतं. आम्हीही डमी काढताना हेच ठरवत असतो. मुख्य बातमीचा मजकूर पाड्यावरच्या नुकतं वाचायला लागलेल्या मावशीला वाचता यावा म्हणून अक्षर नेहमीपेक्षा एक पॉइंट मोठं ठेवलं आहे. त्यापायी प्रत्येक पानावर एक छोटी बातमी कमी बसते. तो तोटा सरांनी पत्करला आहे.

मग कॉम्प्युटर. देवनागरी लावायला इंग्रजीचे सगळे नियम लागू पडत नाहीत. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचा पसारा. त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त द्यावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर ताणलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळ भरायला अक्षरं ताणायची ही वाईट सवय कित्येक पेपरांत दिसते. बारीक कॉलममध्ये मराठी शब्द लांब असतात आणि ओळीच्या शेवटी ते आम्ही तोडत नाही, म्हणून शब्दांमध्ये पांढऱ्या फटी पडतात. त्यावर उपाय म्हणजे वाक्य थोडं बदलणं. पान लावणारा आणि लिहिणारा शेजारी बसलेले असतील तर हे दोन मिनिटांत होतं. त्यासाठीच मला दोन्ही शिकायचं आहे.

सरांच्या जुन्या फायली श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत, मी युनिकोडमध्ये टाइप करते. एकातून दुसऱ्यात आणताना रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात. दऱ्याखोऱ्यांच्या या भागात ‘दऱ्या’ हा शब्द रोज लागतो, आणि त्यातला अर्धा ऱ सर्वांत आधी बिघडतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नाही तर जोडाक्षरं सुटी होऊन हलन्त दिसतात, हे दादांनी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे. फॉन्ट दोनच. मथळ्याला एक जाड, मजकुराला एक. मराठी वळणाचा ल आणि श असलेला फॉन्ट आम्ही हट्टाने वापरतो, कारण शाळेत मूल तोच ल गिरवतं.

एका गोष्टीवर आज चर्चा झाली. मोगऱ्याच्या अँकरला वारली चित्रांची किनार लावावी, असं एका जाहिरातदाराने सुचवलं होतं. आदिवासी विषय आला की चारी बाजूंनी वारली माणसं नाचवायची ही आता रीतच झाली आहे. मी विरोध केला. वारली लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इतकी मोठी गोष्ट भाव सांगणाऱ्या बातमीच्या कडेला नक्षी म्हणून वापरू नये. वारली कलेवर लिहू तेव्हा चित्र मोठं, कलाकाराच्या नावासह, मधोमध लावू. सर माझ्या बाजूने उभे राहिले. किनार गेली, तिथे भावांचा छोटा तक्ता आला, आणि पान मोकळं झालं.

मथळा शेवटी. तीन कॉलममध्ये दोन ओळी, ओळीत फार तर अकरा-बारा अक्षरं. शक्यतो क्रियापद हवं, नाव हवं, आकडा असेल तर उत्तम. दादा म्हणाले, “वाचून बघ मोठ्याने.” मोठ्याने वाचल्यावर जो मथळा जिभेवर अडखळतो तो डोळ्यांनाही अडखळतो. चौथ्या खेपेला बसला तो असा: सहा माणसं, चार हंडे.

आकडे दोन्ही पाड्यावरचे, शब्द सगळे साधे. खाली उपमथळ्यात खेप का चुकली ते आलं.

संध्याकाळी ६.४५

प्रुफं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून बघायचं. सर स्वल्पविरामसुद्धा उच्चारतात. पाड्यांची नावं आम्ही दोनदा बघतो, कारण सरकारी यादीत एक, फलकावर दुसरं आणि लोकांच्या तोंडी तिसरं असं असतं. लोकांच्या तोंडी आहे तेच आम्ही छापतो. आडनाव, वय, आकडे, बेरीज. मग शेवटच्या पानाची तळओळ, जिथे मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छापखान्याचा पत्ता असतो. १८६७ चा जुना कायदा गेला, २०२३ चा नवा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, तरी छापलेल्या शब्दामागे कोण उभं आहे ते सांगण्याचं बंधन कायम आहे. ती बारीक ओळ मी दर आठवड्याला पूर्ण वाचते. सकाळी विहिरीवर ज्यांनी नाव द्यायला होकार दिला त्यांनी जेवढी जोखीम घेतली, तेवढी आम्हीही घेतली आहे, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं.

रात्री ८.००

वळीव येऊन गेला आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर दोन्ही कॉम्प्युटर फार वेळ चालत नाहीत, म्हणून एक बंद. पीडीएफ करताना मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईतच ठेवायचा. चार शाया मिळून काळा झाला आणि प्लेट केसभर सरकली तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते आणि मजकूर वाचवत नाही. पहिलं आणि शेवटचं पान रंगीत, मधली दोन कृष्णधवल. दादा प्रत्येक पान एकदा नुसतं काळ्या शाईत उघडून बघतात, मग पाठवतात. छपाई नाशिकला होते. पहाटे गठ्ठे एसटीच्या पार्सलने येतील, काही जव्हारला उतरतील, काही वाटेत मोखाड्याला.

छापखान्याचा फोन आला, चारही पानं उघडली, फॉन्ट व्यवस्थित आहेत.

रात्री ९.३०

शेवटची गाडी गेली, आज मुक्काम मावशीकडे. जेवून झाल्यावर पुढच्या अंकाची तयारी. टँकर भरायच्या ठिकाणची वीज किती वेळा गेली याची नोंद वीज कार्यालयात मिळेल, ती मागायची. पाड्याच्या वरच्या अंगाचं रान कधी तुटलं, वनखात्याकडे काय कागद आहे, आजींच्या वयाचं आणखी कोण आहे. कोचाळ्याच्या धरणापासून पाड्यापर्यंतचं अंतर नकाशावर मोजायचं आणि नळयोजनेचा आराखडा बघायचा. नाव द्यायला नको म्हणालेल्या दोघींकडे अंक घेऊन स्वतः जायचं आणि त्यांना त्यांच्या घरांचे आकडे वाचून दाखवायचे. पदविकेचा स्वाध्यायही उद्याच द्यायचा आहे, विषय आहे पृष्ठरचनेची तत्त्वं. त्यासाठी आजची पेन्सिलची डमी मी घडी करून पिशवीत ठेवली आहे, तीच जोडणार.